आत्याचा सोनकीचा वाफा

किसनदादाचा फोन आला तेव्हा मी बोर्डीहून डहाणूला जाणाऱ्या एसटीत होते. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. त्या दिवसांत तो वाफ्याबद्दलच फोन करायचा, म्हणून मी लगेच विचारलं, "गुरं शिरली का?" तो म्हणाला, "गुरं नाय, बाय. आई गेली." ... पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही.

आत्या तलासरीच्या डोंगराकडच्या गावात राहायची. खाली भात, वर नाचणी आणि घरच्या तेलापुरती खुरासणी. घरामागच्या उतारावर पाऊस सरत आला की सोनकी फुलायची. सोनकी अ‍ॅस्टरच्या कुळातली. गुडघ्याएवढं रानटी रोप, करवतीसारख्या कडांची पानं, हळदीच्या रंगाची फुलं. सह्याद्रीत ती पुष्कळ आहे, दुर्मीळ नाही, हे मला सांगायला हवं. पण आत्याच्या उतारावर आधी सोनकीवर मधमाश्या यायच्या आणि ती सरता सरता शेजारची खुरासणी फुलायची; तिला दाणा धरायला माशी लागते. "सोनकी माशीला थोपवून धरते," आत्या म्हणायची. "ती नसली तर माशी काय आपली वाट बघत बसेल?"

उतार आमचा नव्हता. गेल्या वर्षी तिथला मुरूम काढायचं ठरलं आणि आत्याने बी धरायचं मनावर घेतलं. सोनकीच्या प्रत्येक बीला पांढरा पिसारा असतो. बी पिकलं की वाऱ्याच्या एका झुळकीत सगळं उडून जातं. म्हणून आम्ही बोंडांना जुन्या लुगड्याचे तुकडे बांधत होतो. खालून मशीनचा आवाज येत होता. दादा हसला, "गवताला लुगडं नेसवता काय?"

"तू बायकोला आणलंस का कधी एक? ये, गाठ मार," आत्या म्हणाली.

पावसाच्या आधी उतार गेला. बी तेवढं डब्यात राहिलं.

भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे जमीन भाजतात. पाला, फांद्या, शेण पसरून पेटवायचं आणि त्या राखेत पेरायचं. त्याला राब म्हणतात. आत्याने सोनकीसाठीही राब भाजला. मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. निम्मं बी पेरून आम्ही वर माती लोटली. शेजारी भात हिरवागार उगवला, सोनकीच्या वाफ्यात काहीच नाही. तोवर आत्याला दम लागायला लागला होता. दारापासून वाफ्यापर्यंत येताना ती थांबायची, कुडाला धरायची.

कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, उपाशी, खडकाळ जमिनीतलं झाड आहे, राखेचा जोर सोसत नसेल. बी इतकं बारीक, त्याला उजेड लागत असेल, पुरू नका. सगळं 'नसेल' आणि 'असेल'... तरी मी आत्याला सांगितलं.

"उघडं ठेवायचं? मुंग्या नेतील."

"नेतील."

"पाण्याने गेलं तर?"

"तर गेलं, आत्या. निम्मं मागे ठेवूया का?"

तिने डबा माझ्या हातात दिला. "कोणासाठी? मी पुढच्या वर्षी हाय काय?"

दादाने उताराचा सांडलेला मुरूम घमेल्याने आणून पसरला. आत्याने बसूनच बी पसरलं आणि तळव्याने हळू दाबलं. मग रोज ती तिथेच बसून राही, कोंबड्या हाकलत.

तिला डहाणूच्या दवाखान्यात हलवलं, त्यानंतर वाफ्यात बारीक हिरवं दिसायला लागलं. पण पावसात तणही तसंच येतं, पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच. मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, "आली का?"

"काहीतरी आलंय."

"सोनकी हाय ना?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "अजून कळत नाही, आत्या."

ती दम घेत म्हणाली, "मग कोणाला उपटू देऊ नको. तण असलं तरी."

दुसऱ्या दिवशी एसटीत दादाचा फोन आला.

आता काही आठवडे झाले. वहिनींना त्या जागी मिरची लावायची होती, त्यांनी ती परड्यात दुसरीकडे लावली. वाफ्यातल्या काही रोपांच्या पानांना करवतीसारख्या कडा आल्या आहेत. रविवारी एका शेंड्यावर नाचणीच्या दाण्याएवढी हिरवी गाठ दिसली, घट्ट मिटलेली. दादा वाकून बघत म्हणाला, "तीच ना ही?"

"वाटतंय."

"वाटतंय," तो म्हणाला. "आईने तुला एवढ्यावर सोडलं नसतं."

बाकी वाफा दाटला आहे. कडेला आत्या बसायची तेवढी जागा मात्र दबून कडक झाली आहे, तिथे काहीच उगवलेलं नाही. आम्ही दोघं उभं राहूनच बघतो. तिथे अजून कोणी बसत नाही.