ओटीतला नारळ

माझ्या सख्ख्या आईने माझी ओटी भरली, तेव्हा मी कराटेचा राज्य विजेता होतो.

अंबडजवळ एका सिनेमाचं शूटिंग लागलं आणि फाइट मास्टरने मला स्टंटसाठी बोलावलं. शॉट ओके झाला तर मुंबई, नाहीतर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, खताचं दुकान! अण्णांनी लगोलग वडीगोद्रीच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. वर मी हवेत लाथ मारतोय आणि खाली अख्खी भावकी शुभेच्छुक.

शूटिंगच्या दिवशी मास्टरने माझी उंची पाहिली (ती मुळातच बेताची) आणि नऊवारी पुढे केली.

"हिरोईनच्या जागी माडीवरून उडी तू मारायची."

"मास्टर, मी ब्लॅक बेल्ट आहे!"

"मग तो आतून बांध."

टोप, नथ, बांगड्या घालून मी जिन्याशी उभा राहतो, तोच समोर टेम्पो थांबला. अण्णा, आई, सरपंचीणबाई आणि अर्धं गाव! शाल-फेटा घेऊन माझा सत्कार करायला! मी पदर नाकापर्यंत ओढला. आमच्याकडे जमिनीला भेगा पडतात, पण नेमक्या गरजेच्या वेळी नाही.

"अगं बाई, हीच हिरोईन!" सरपंचीणबाई ओरडल्या. "आपल्या शिवारात आली, वटी भरल्याबिगर कशी जाऊ द्यायची?"

ओटीचं ताट त्यांनी घरूनच आणलं होतं. आईने माझा पदर जरा सारला, कुंकू लावलं, माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि खण, तांदूळ, नारळ माझ्या पदरात घातला.

"सांभाळून उडी मार, बाई," ती म्हणाली.

"आन् वटी खाली ठेवायची नसती बरं!" सरपंचीणबाईंनी बजावलं.

सगळं गाव बघत असताना ती खाली ठेवणार कशी? पदराचं गाठोडं कमरेला खोचलं आणि "ॲक्शन" झाल्यावर उडी मारली. मी बरोबर गाद्यांवर पडलो. नारळ मात्र सुटला आणि थेट हिरोच्या कपाळावर फुटला!

"दुकान कुठंय म्हणालास तुझ्या वडिलांचं?" मास्टरने एवढंच विचारलं.

संध्याकाळी घरी अण्णा तणतणत होते. "कोण ती अवदसा! तिच्यापायी पोराचा शॉटच झाला न्हाई!"

आईने मला भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "लागलं तर न्हाई ना तुला?"

मी घास परत ताटात ठेवला. "तू ओळखलं होतं?"

"हनुवटीला टाके पडले तवा दवाखान्यात मीच गेल्ते ना!"

"मंग वटी कशाला भरली, माय?"

"सरपंचीणबाई संग होत्या. काय सांगू, हा माझा ल्योक हाय म्हणून? दे तो खण इकडं. सून आली की तिला होईल."

मला रडूच आलं. खण दिला.

सून अजून आलेली नाही. सिनेमा मात्र आला आणि माझी उडी त्यात तश्शी आहे. स्थळाकडचे लोक दुकानात येतात, फ्लेक्स बघतात (हल्ली तो खताच्या पोत्यांवर झाकायला आहे) आणि कौतुकाने विचारतात, "सिनेमात नेमके कोणते हो तुम्ही?"