काकू चेअरपर्सन होती तो दुष्काळ

इथं सुरतेत माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर इंग्रजीत ‘हाउसकीपिंग पर्सन’ लिहिलंय. सुपरवायझर म्हणाला, बाई असो की बाप्या, सगळ्यांना हेच. मी सातवीतून शाळा सोडलेली, तरी ‘पर्सन’ मला वाचता आलं. तो शब्द मी आमच्या गावी, वडवणीकडं, दुष्काळात शिकले होते.

नवऱ्यानं टाकलं होतं, आईबाप नव्हते. चुलता-चुलतीनं घरात घेतलं. बायकांच्या दूध संस्थेत दूध मापायला काकूनंच लावलं. ते उपकार मी कसे विसरू? काकू संस्थेची चेअरमन. पण गाव चेअरमन म्हणायचं तात्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला. अंबाजोगाईहून ट्रेनिंग द्यायला आलेल्या मॅडमनी सांगितलं, “आता चेअरपर्सन म्हणायचं. त्यात बाई-पुरुष नसतं.”

“म्हंजी कारभारी कोण, कारभारीण कोण, कळूच द्यायचं न्हाई व्हय?” एक म्हातारी म्हणाली. मॅडमसुद्धा हसल्या.

तात्यांनी हौसेनं पाटी रंगवून घेतली. चेअरपर्सन, खाली काकूचं नाव. आणि पाटीखालच्या खुर्चीत स्वतः बसले.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, जनावरं चारा छावणीला गेली, संस्थेच्या केंद्रावर जमणारं दूध निम्म्यावर आलं. केंद्र बंद करायचं का, ते ठरवायला दूध संघाचे साहेब येणार होते. केंद्र गेलं तर मला ऊसतोडीशिवाय काय होतं? आणि तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला मुकादम घेतच नाही.

साहेब आले तसे तात्या म्हणाले, “बंदच करा. उरलेलं दूध शेजारच्या गावात घालू.” तिथली संस्था त्यांच्या मामेभावाची होती.

काकू सतरंजीवर, पदर पुढं ओढून. समोर तिचे थोरले दीर बसलेले. थोरल्यांपुढं सून बोलत नाही. बोलायचंच झालं तर दुसऱ्याच्या तोंडून. मी गावची लेक, मला ते बंधन नव्हतं. तिनं मला चिमटा काढला.

“सांग गं साहेबांना, छावणीतलं दूध आजून मोजलंच न्हाई.”

मी सांगितलं.

“सांग, दुधाची गाडी छावणीवरून न्या. तितंच माप घेऊ.”

तेही सांगितलं.

“पोरी, तू कवा झालीस गं चेअरमन?” तात्या म्हणाले. पुरुष खिदळले.

साहेबांनी विचारलं, “चेअरपर्सनचं काय म्हणणं आहे?”

“सांगितलं की मगाशीच,” तात्या म्हणाले.

“सांग, त्यांचं न्हाई, माझं विचारलंय,” काकू पुटपुटली.

ज्यांच्या घरात खात होते त्यांनाच हे कसं सांगायचं? मी मापाच्या वहीची पानं उलटत बसले.

मग काकूच बोलली. नजर सतरंजीवर. “साहेब, चेअरमन मी हाय. केंद्र चालू ठेवायचं हाय.”

थोरले दीर उठून बाहेर गेले. या वेळी कुणी हसलं नाही.

साहेबांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली. गाडी छावणीवरून यायला लागली, माझं काम टिकलं. पण तात्या काकूशी बोलेनासे झाले. माझ्या पोटापायी हिच्या संसाराचं वाटोळं होतंय, असं वाटून मला झोप लागेना. एका सकाळी मी तिला म्हणाले, “काकू, मी जाते कुठंतरी.”

“लई शानी झालीस. कॅन धू, गाडी यायलीय.”

मी कॅन उचलले. ती चरवी घासत राहिली. चरवी तर केव्हाच लख्ख झाली होती.