भंडाऱ्याची खोली

फुलचूरच्या आमच्या घरात भरदुपारी खोली शोधणं चाललं होतं. पोरीला नोकरीची कागदपत्रं तपासायला नागपूरला बोलावलं होतं, दोन दिवस. मी, आमचे हे आणि पोरगी, तिघांनी उतरायचं कुठे? पोरगी मोबाईलवर स्वस्तातल्या लॉजचे फोटो दाखवत होती. पलंगावर टॉवेलची बदकं करून ठेवलेली. हे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पलंग दाखवते, संडास काऊन दाखवत नाही? तिथंच तर मेख आहे!"

पोरगी हसली. मी सुपात तांदूळ निवडत होते, मला हसू आलं नाही. लॉजचा विषय निघाला की माझ्या कानात एक आवाज येतो. "खोली बरी भेटली का वं?" माझ्या मोठ्या बहिणीचा. तिला आम्ही बाई म्हणायचो. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

बाई नागपुरात एका खोलीत राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, चार घरचा स्वयंपाक करून पोट भरायची. आमच्याकडे शहरात आपलं माणूस असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं. आमच्या भागातल्या गोरेगावपासून दवनीवाड्यापर्यंतचे सगळे नातेवाईक दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला बाईकडेच जायचे. त्या एवढ्याशा खोलीत आठ-आठ माणसं झोपायची. "पाय दुमडले का मावते माणूस," असं म्हणत ती सतरंजी अंथरायची.

पाच वर्षांमागे पोरीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा नागपूरला होती. बाईकडे पाच घरांत एक संडास, सकाळी लाईन. पोरीची झोप होणार नाही, पेपर बिघडेल, असं मी ह्यांना पटवलं. खरं सांगू? पोरीचं निव्वळ निमित्त होतं. त्या लाईनीत डबा घेऊन उभं राहायची लाज मलाच वाटत होती. फुलचूरला टाईल्सचं घर काय बांधलं, मी मोठी शहाणी झाले होते.

लॉज ठरवला आणि बाईला फोन लावला. "बाई, पोरीचं सेंटर बदललं. भंडाऱ्याला आलं."

"असं का? बरं झालं माय, तुम्हाले जवळ पडलं," ती म्हणाली.

पोरीला बजावलं, "मावशीपुढे तोंड उघडशील तर पाहून घे."

पेपर देऊन घरी आलो, तर संध्याकाळी बाईचा फोन. "भंडाऱ्यात खोली बरी भेटली का वं? पेपराच्या आधी पोरगी जेवली का?" मी म्हटलं, खोली एकदम झकास, पोरगी पोटभर जेवली. नळाला गरम पाणी येत होतं, खिडकीतून झाड दिसत होतं, सगळं सांगितलं. खोटं बोलायला लागलं की माणसाला काय काय सुचतं! ती ऐकत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिनं कधी "ये" म्हटलं नाही. मला वाटलं, कामात असेल. दोन वर्षांनी ती झोपेतच गेली. तेव्हा मात्र तिच्याच खोलीत मी पाय दुमडून बसले होते. मनाशी म्हटलं, एक बरं झालं, तिला कळलं नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. तरी तो आवाज पिच्छा सोडत नाही. भांडी घासताना येतो, बाजारात येतो, आता तांदूळ निवडतानाही आला.

पोरीनं मोबाईल पालथा ठेवला. "आई, मावशी आली होती."

"कुठं?"

"पेपरच्या दिवशी, गेटवर. हॉलतिकीट आलं त्याच दिवशी मी तिले फोनवर कॉलेजचं नाव सांगून दिलं होतं. तू सेंटर बदललं म्हणायच्या आधीच. मी लाईनीत उभी होती, तू बॅगमध्ये माझं आधार कार्ड शोधून राहिली होती. ती रस्त्याच्या पलीकडं होती, जेवणाचा डबा घेऊन. मी हाक मारणार तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं. हातानंच म्हणाली, जा, आत जा."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"तू म्हटलं, सांगू नको. तिनं बी म्हटलं, सांगू नको. मी कोणाचं ऐकायचं होतं?"

हे उठून अंगणात गेले. मी सूप मांडीवर घेऊन तशीच बसले. म्हणजे त्या संध्याकाळी बाईला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं विचारलं. पोरगी जेवली का, हे विचारत होती तेव्हा तिचा डबा भरलेलाच घरी परत गेला होता. खरं बोलायला तिनं मला वाट करून दिली होती, आणि मी तिला खिडकीतलं झाड सांगत बसले.

पोरीनं मोबाईल पुन्हा उचलला आणि म्हणाली, "कोणती खोली घेऊ?"

"घे कोणतीही."

"पण आई, या खेपेला सांगून जाऊ."

"कोणाले?" मी म्हटलं.