गालातली सावली

डॉक्टरांना द्यायचं बंद पाकीट मी वाटेतच फोडलं आणि डोक्याचा एक्स-रे स्वतःच वाचला. मी गास गावचा केळीवाला. मॅट्रिकला इंग्रजीनेच मला दोनदा पाडलं होतं, तरी माझी हिंमत बघा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सायकलवर केळीचे दोन घड लादून बांधावरून जाताना पडलो. घडांना काही झालं नाही, डोकं मात्र आपटलं. डॉक्टरांनी हाड बघायला फोटो काढून आणायला सांगितला. हाड शाबूत होतं, एवढं मला कळलं. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती : डाव्या गालाच्या पोकळीत गोल सावली. फिल्म उजेडात धरली, तर डोळ्याखाली खरंच वाटाण्याएवढा पांढुरका गोळा. माझे वडील गालाच्या गाठीनेच गेले होते. झालं! कुणाचंही मत न घेता मी स्वतःला मरणाच्या रांगेत उभं केलं.

वाईट बातमी डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा देवाकडून परस्पर मिटवून घ्यावी, असा माझा बेत. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. संध्याकाळी आळीतल्या क्रुसापुढची प्रार्थना संपून लोक पांगले, की मी पाकीट क्रुसाच्या पायरीवर ठेवून गुडघे टेकायचो. बायकोला, मार्थाला, सांगितलं की फोटो अजून आलाच नाही. लागवडीचे दिवस होते, मुनवे, म्हणजे लावायचे केळीचे कोंब, अंगणात सुकत पडले होते. पण त्यांचा घड बघायला आपण असणार नाही, मग खड्डे कशाला खणा? मार्था रोज खड्ड्यांचं विचारायची, मी रोज कंबर धरून दुखतेय म्हणायचो. आज कबूल करतो, ती प्रार्थना नव्हतीच, ती घासाघीस होती. यंदाचं टळू दे, मग तुला हे देतो, ते देतो.

नवव्या दिवशी समुद्राकडच्या चॅपेलात गेलो. तिथे दुखणाऱ्या अवयवाचा मेणाचा आकार वाहतात. दारातल्या बाईकडे मी मेणाचा गाल मागितला.

“गाल नाय. पाय हाय, हात हाय, कान हाय. डोकं घे ना बाबा, गाल त्यात आलाच.”

ते डोकं मरियामातेपुढे ठेवलं आणि तिथेच मला रडू फुटलं. मागायला काही उरलंच नव्हतं. एवढंच म्हणालो, “माते, मला फार भीती वाटते. आता तूच बघ.” नऊ दिवसांत ते पहिलं खरं वाक्य.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी सिस्टर बसली होती. काखेतलं पाकीट बघून तिने हात पुढे केला. फिल्म खिडकीकडे धरली आणि विचारलं, “नाक चोंदतं का रे तुझं?”

“लहानपणापासून, सिस्टर.”

“इस्पितळात मी वर्षानुवर्षं अशा फिल्मा धुतल्यात. दुसऱ्याच कारणाने डोक्याचा फोटो काढावा, आणि गालात असा फुगा सापडावा, हे कितीतरी जणांचं होतं. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही नसतो. पण हे मी सांगून चालायचं नाही. आत्ता ऊठ आणि डॉक्टरांकडे जा.”

मी गेलो. डॉक्टरांनी फिल्म बघितली, नाकात बॅटरी मारली, गाल दाबून बघितला. जुन्या सर्दीने आतल्या कातडीला आलेला साधा फुगा, म्हणाले, त्रास दिला तरच बघू. ती सिस्टर कुठल्या मठातली, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे दोन-तीनदा त्या चॅपेलात गेलो, ती दिसली नाही. कुणी पाठवली होती का, हा वाद मी घालत नाही. मी आभार मानतो. देवावर भार टाकायचा म्हणजे त्याच्या पायरीवर पाकीट लपवून ठेवणं नव्हे, भीत भीत का होईना, जिथे जायला हवं तिथे जाणं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मार्थाला सगळं सांगितलं. वाटलं, ती डोळे पुसेल, मातेचे आभार मानेल. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “नऊ दिवस देवाचं डोकं खाल्लंत, मला एकदा सांगायला तोंडाला कुलूप लागलं होतं?”