हाड कुठल्या थरातलं?

मित्र म्हणतात, "तू दिवसभर कॉम्प्युटरपुढे. तुझ्याकडे कसले आले किस्से!" अहो, दोन याद्या एकमेकींना जोडायला घेऊन बघा. याद्या जुळायच्या आधी किस्सेच ढिगाने साठतात!

आमची एक यादी जुन्या हाडांची, म्हणजे जीवाश्मांची. ती माझी सहकारी संजीवनी हिच्याकडे. दुसरी नदीकाठच्या मातीच्या थरांची, ती माझ्याकडे. कुठलं हाड कुठल्या थरातलं हे जुळलं, की कुकडी नदीकाठी कोणतं जनावर कधी फिरत होतं ते कळतं. सोपं वाटतं ना?

*

पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरने बोरी बुद्रुकचा हत्तीचा दात भलत्याच बोरीला जोडला. मी ओरडलो, "अगं, हत्ती पार मराठवाड्यात गेला!"

संजीवनी मान वर न करता म्हणाली, "गेला असेल चालत. परत आणायचं तेवढं तू बघ."

*

एका हाडापुढे गाव होतं तळेघर. तिथे तर सगळा लाव्हाचा काळा कातळ. लाव्हात हाड? मोठा शोध! एसटी चुकली, तरी आम्ही दोघं चालत निघालो. भाताच्या बांधांवरून विचारत विचारत ते हाड देणाऱ्या गोविंदभाऊंच्या घरी पोचलो.

भाऊ हसायलाच लागले. "हाड घोडनदीला घावलं व्हतं. सायबांनी पत्ता इचारला, मी घरचा दिला!"

शोध तिथेच संपला. नाचणीची भाकरी मात्र लई भारी होती.

*

बेल्ह्याच्या बाजारात आमची जीप अडकली. संजीवनीच्या मांडीवर बैलाचा जबडा, नुकताच मिळालेला. एका व्यापाऱ्याने खिडकीतून डोकावून दातांवर अंगठा फिरवला. "सहादाती. आठ दात पुरं व्हायचं व्हतं, अजून जुळला न्हवता."

पुण्यात नीट तपासणी झाली. उत्तर तेच!

बाजारातच मी त्या व्यापाऱ्याला म्हणालो होतो, "काका, हा हजारो वर्षांपूर्वीचा आहे."

"असू द्या की राव. दात काय बदलत्यात व्हय?"

*

पण खरी अडचण बोरीतच होती. तिथे नदीकाठी पांढऱ्या राखेचा थर आहे. फार पूर्वी लांबच्या ज्वालामुखीतून उडून आलेली राख. तिच्याखालचं हाड जुनं, वरचं नवं. आणि एका शिंगाची नोंद काय? 'राखेजवळ'! त्याच्यासोबत मिळालेली सगळी हाडं त्या एका शब्दापायी लटकली होती.

ते शिंग देणारे किसनबाबा सापडले. मी विचारलं, "बाबा, राखेच्या वर की खाली?"

"खाली," बाबा ठामपणे म्हणाले.

"वर!" आतून त्यांच्या पत्नी, सखूबाई, बाहेर आल्या.

"तुला काय म्हाईत? शिंग मी उचललं."

"उचललं तुमी. पन भांडी घासायला ती पांढरी राख खरवडत तिथं खाली बसलं व्हतं कोन?"

मी पेन सरसावलं. "नक्की वर ना, आजी? नोंद कायमची होणार आहे."

सखूबाईंनी पदर मागे सारला, केस बाजूला केले आणि डोकं माझ्यापुढे धरलं.

"ही खोक बघा. शिंग खालनं डोक्यात पडंल व्हय?"