चिमूटभर वीज

ऑफिसात त्याला सगळे पारखी म्हणायचे. नळ आणि शॉवर बनवणाऱ्या कंपनीत तो खरेदी विभागात होता, आणि आलेल्या मालातला एखादा वॉशर जाडीला जरा कमी भरला तरी अख्खी खेप परत पाठवायचा. पुरवठादार त्याच्या नावानं बोटं मोडायचे, साहेब मात्र खूश असायचे. हळूहळू लोक घरच्या खरेदीसाठीही त्याचं डोकं खायला लागले. कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कुणाला पोरीची सायकल, आधी पारखीच्या टेबलाशी एक फेरी व्हायचीच. कुणी विचारलं की गडी खुलायचा. हातातलं काम बाजूला सारून त्या वस्तूचा असा कीस काढायचा की विचारणाऱ्याला कुठून विचारलं असं होऊन जायचं. पण त्याचा सल्ला सहसा चुकत नसे, हेही खरं.

घरी तो, बायको आणि वडील. बाबांनी उभं आयुष्य पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात काढलं होतं. प्रेस दिवसभर कानाशी दणके द्यायचा. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले होते. आई होती तोवर ती त्यांच्या कानाशी लागून घरातल्या बातम्या पोचवायची. ती गेली आणि बाबा स्वतःच्याच घरात जेवायला पाहुण्यासारखे बसायला लागले. सगळे हसले की हसायचे, सगळे उठले की उठायचे.

मग सुनेनंच पुढाकार घेऊन त्यांना कानाची मशीनं बसवून आणली. शेंगदाण्याएवढी दोन, रात्री एका डबीत ठेवून चार्ज करायची. पहिल्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना बाबा मध्येच थांबले, मागे वळून पाहिलं, पुन्हा चालले, पुन्हा थांबले. "कोण येतंय गं मागून?" त्यांनी सुनेला विचारलं. मागून त्यांच्याच चपला वाजत होत्या. कितीतरी दिवस ती गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगून हसायचे. घरात त्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला तो तेव्हापासून.

पारखी दर हिवाळ्यात दोघा मित्रांबरोबर तळ्याकाठी तंबू ठोकून राहायला जायचा. त्या वर्षी तो माळ्यावरून तंबू खाली काढत होता, तेव्हा बाबा शिडी धरून उभे होते. म्हणाले, "मला नेशील का रे एकदा?"

"तुम्हाला? बाबा, तिथं पलंग नाही, काही नाही. जमिनीवर झोपावं लागतं."

"तंबूत जमिनीवरच झोपतात. ठाऊक आहे मला."

तो काही बोलायच्या आत आतून बायकोचा आवाज आला, "मित्रांना सांगा पुढच्या वेळी येतो म्हणून. या वेळी तुम्ही दोघंच जा."

ठरलं. आणि पारखी तयारीला लागला, म्हणजे मुख्यतः पॉवर बँकेच्या मागे लागला. जुनी फुगून गेली होती. आता रोज रात्री जेवण झालं की हा फोनमध्ये डोकं घालून बसायचा. दहा हजार एमएएचची हलकी, पण कॅमेऱ्याला पुरायची नाही. तीस हजारची म्हणजे पाठीवर वीट. सोलरवाली दिवसभर उन्हात टांगली तरी फोनच्या तोंडाला जेमतेम पाणी लागायचं. डब्यावर लिहिलेल्या आकड्यातला केवढा भाग खरोखर मिळतो, पोर्ट किती, केबल कसली, पाण्याचा शिंतोडा उडाला तर काय, सगळं सगळं त्यानं पाहिलं. शेवटी रबरी कवचाची, वीस हजारची एक घेतली आणि ती हातात खेळवत बायकोला म्हणाला, "हिचं सगळ्यात भारी काय आहे माहितीये? काम नसलं की आपली आपण बंद होते. थेंबभर वाया जात नाही."

"आणि बाबांची मशीनं? ती चालतील ना हिच्यावर?"

"त्यांना काय लागतंय! चिमूटभर वीज. ही तसली शंभर पोसेल."

"तरी एकदा रात्रभर लावून बघा ना घरी."

"अगं, मी काय आज पहिल्यांदा वस्तू घेतोय का?"

हे बोलून तो वळला तर दारात बाबा उभे. त्यांच्या हातात ती डबी होती, लावून बघायला म्हणूनच आणलेली. मुलाचा सूर त्यांनी ऐकला आणि डबी तशीच घेऊन खोलीत परत गेले. पारखीला ते दिसलं होतं. तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिला दिवस मोठा छान गेला. बसनं उतरून तळ्याच्या कडेनं बरंच चालायचं होतं. बाबा रमतगमत चालले, पण दमले नाहीत. जरा कुठं खुट्ट झालं की थांबायचे. "हे कोण ठोकतंय?" सुतारपक्षी. "आणि हे?" लाटा दगडांना लागतात ते. तंबू उभारताना तर त्यांनी कमालच केली. पारखी माहितीपत्रक उलटंसुलटं करत होता, तोवर बाबांनी खुंट्या तिरक्या ठोकून दोऱ्या ताणूनही टाकल्या.

"हे कुठं शिकलात?"

"शिकलो होतो कधीतरी. सांगेन उद्या सावकाश," बाबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

रात्री पारखीनं आपला फोन आणि कॅमेरा चार्ज करून घेतला. मग बाबांनी मशीनं काढून डबीत ठेवली, त्यानं पॉवर बँकेची वायर डबीला जोडली. हिरवा दिवा लागला. तो निर्धास्त झोपला.

सकाळी बाबांनी मशीनं कानात घातली. एक काढलं, फुंकर मारली, परत घातलं. दुसरं काढलं. मग मुलाकडे पाहून मान हलवली. दोन्ही मेली होती.

पारखीनं पॉवर बँक पाहिली. अजून निम्म्याहून जास्त भरलेली. वायर जागच्या जागी. त्यानं पुन्हा जोडून पाहिलं, दिवा लागला. "लागतोय की!" तो म्हणाला. चहा होईपर्यंत दिवा पुन्हा विझलेला होता. परत जोडलं, परत लागला, परत विझला. त्याचं डोकं तापायला लागलं. इतक्या दिवसांची मेहनत, इतकं पाहून घेतलेली वस्तू. ती चुकणं त्याच्या मनात बसेना. मग चूक कुणाची? "तुम्ही डबीत नीट बसवली नसतील!" तो मोठ्यानं म्हणाला. हातानं डबी बंद केल्याची खूण करून पुन्हा म्हणाला, "नीट! बसवली! नव्हती!"

बाबांना शब्द किती ऐकू आले कोण जाणे, पण चेहरा वाचता येत होता. त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं असेल," ते पुटपुटले.

शेजारच्या तंबूतल्या बाई भांडी धुवायला चालल्या होत्या. त्या थांबल्या. "आमच्या पॉवर बँकेवर लावून बघता का? साधीच आहे, पण बघा."

"नको, थँक्यू," पारखी म्हणाला. "पॉवर बँकेचा प्रश्न नाहीये. मशीनमध्येच काहीतरी आहे."

असं म्हणून त्यानं डबी बॅगेत टाकली. पुढे कितीही वेळा त्या सकाळची उजळणी केली तरी तो या वाक्याशी येऊन अडखळायचा. नुसतं 'द्या' म्हणायचं होतं. एक अक्षर.

तो दिवस दोघांनी माना डोलावण्यात घालवला. पारखी पक्षी दाखवायचा, बाबा मान डोलवायचे. चहा हवा का विचारलं तरी मान, नको का विचारलं तरी मान. संध्याकाळी पाणी अगदी निवांत झालं. दोघं काठावर बसले होते. आणि बाबा आपणहून बोलायला लागले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे कधी फार मोठ्यानं, कधी पुटपुटल्यासारखे.

लग्नाआधी ते जमीन मोजणाऱ्या एका तुकडीत होते. हातात साखळी घेऊन रानोमाळ हिंडायचं, रात्री तंबूत पडायचं. असंच एक पाणी होतं, त्याच्या काठी सगळ्यात जास्त दिवस मुक्काम होता. तुकडीचा प्रमुख त्यांना नकाशे काढायला शिकवत होता, म्हणायचा तुझा हात चांगला आहे. "आयुष्यात तेवढेच दिवस मी सकाळी आनंदानं उठलो बघ," बाबा म्हणाले. "मग सोडून दिलं. सोडावं लागलं."

पारखी थक्क झाला. बाबा म्हणजे कारखाना, निळा सदरा आणि जेवणाचा डबा, एवढंच त्याला ठाऊक होतं. "का सोडावं लागलं?"

"हो, थंडी होतीच."

"का! सोडलं! का?"

पलीकडच्या तंबूतले दोघंतिघं वळून बघायला लागले. बाबांनी ते पाहिलं आणि ते संकोचले. "ओरडू नकोस रे, लोक बघतात."

त्यानं फोन काढला, मोठ्या अक्षरांत प्रश्न टाइप केला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबांनी हात लांब करून तो वाचला. मग हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "असं लेखी विचारलंस तर काय सांगू? अर्जाला उत्तर दिल्यासारखं वाटतं. घरी गेल्यावर बोलू." आणि उठून तंबूकडे गेले.

घरी आल्या आल्या बाबांनी डबी भिंतीच्या प्लगला लावली. मशीनं सुरळीत चार्ज झाली. पारखीच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा मशीनं डबीत काढून ठेवून झोपलेले असताना त्यानं ती डबी पॉवर बँकेला लावली आणि समोर खुर्ची टाकून बसला. थोड्या वेळानं दिवा विझला. मग त्यानं शोधून वाचलं. मशीनं इतकी थोडी वीज ओढतात की पॉवर बँकेला वाटतं, काही जोडलेलंच नाही. म्हणून ती आपली आपण बंद होते. नुसता फोन जरी तिला बरोबर जोडून ठेवला असता तरी ती मशीनं भरेपर्यंत जागी राहिली असती.

त्यानं बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबांना सांगा हे. आजच."

"सांगतो," तो म्हणाला. आणि राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तो टाळत राहिला. रोज वाटायचं, आता काय त्यात, बाबा विसरलेही असतील. ऑफिसात कुणी सहलीचं विचारलं की "मस्त झाली" म्हणून सांगायचा.

बाबा विसरले नव्हते. ते बाहेर जाताना मशीनं घरी ठेवून जायला लागले. "माझ्या हातून बिघडायची," म्हणायचे. मग घरातही कधी घालायचे, कधी नाही. सून मागे लागली की त्या दिवसापुरती घालायचे. जेवताना पुन्हा सगळे हसले की हसणं सुरू झालं. तंबूतल्या दिवसांचा विषय पारखीनं एकदोनदा काढला, तर "असंच रे, जुनं काहीतरी," म्हणून त्यांनी हात झटकले.

पुढचा हिवाळा आला. पारखीनं लहान उपकरणांसाठी वेगळी सोय असलेली पॉवर बँक आणली. या वेळी त्यानं मशीनं तिच्यावर रात्रभर लावून पाहिली, सकाळी ती पूर्ण भरलेली होती. ती हातात घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, चला. रजा टाकलीये मी."

बाबांनी मान हलवली. "नको. मागच्यासारखं माझ्या हातून व्हायचं आणि तुझी सुट्टी वाया जायची."

मग मात्र त्याला राहवेना. तो पलंगावर त्यांच्या शेजारी बसला, कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. डबी, दिवा, पॉवर बँकेचं आपोआप बंद होणं, शेजारच्या बाईंना दिलेला नकार.

बाबांनी उशाशी ठेवलेली डबी उचलून हातात घेतली. "म्हणजे मी नीट बसवली होती?"

"नीट बसवली होती, बाबा."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का रे? रोज रात्री ती डबी तीनतीनदा उघडून बघायचो मी. वाटायचं, आता कानांसारखं डोकंही चाललं."

पारखीला तोंडात मारल्यासारखं झालं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ते मोजणीचं काम... का सोडलंत ते सांगा ना आता."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्या दिवशी सांगायला बसलो होतो. समोर पाणी होतं, सगळं आपसूक आठवत होतं. आता आठवायला बसलो तर कुठलं घडलेलं आणि कुठलं मी मागाहून जोडलेलं, माझं मलाच कळत नाही." आणि मग समजुतीच्या सुरात, "एवढं काही नव्हतं रे त्यात."

त्या दिवसापासून बाबांनी मशीनं पुन्हा घालायला सुरुवात केली, सून तर घरात सण असल्यासारखी खूश झाली. पण मधल्या काळात कान आणखी गेले होते. कानाच्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, आवाज पोचेल, शब्द मात्र सुटे सुटे ओळखू येणं आता अवघड आहे. सवय ठेवायला हवी होती.

बाबा तळ्यावर काही आले नाहीत. पारखीनं टाकलेली रजा रद्द केली नाही, ते दिवस तो घरीच राहिला. रोज सकाळी चहा घेऊन बाबांच्या खोलीत जाऊन बसायचा. बाबा बोलायचे. हवेचं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं, खिडकीच्या कडीला तेल घालायला झालंय त्याचं. तो ऐकायचा, कडीला तेल घालायचा. तंबूचं मात्र परत कधी काही निघालं नाही.