कचरापेटीतल्या मालिका

कॉम्प्युटरवाला आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी एकदाच आला. आल्या आल्या त्यानं गमछ्यानं कीबोर्ड पुसला. सी ड्राइव्ह भरून कॉम्प्युटर अडकत होता.

"माय, तुह्या मालिका मिटवल्या ना?" मुलानं विचारलं.

"हव, कचरापेटीत टाकल्या."

खोटं नव्हतं. मुलगा ऑफिसला गेला की मी त्या कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून काढून पाहायची आणि परत टाकायची.

मुलगा चहा सांगायला आत गेला. त्या माणसानं पेटी रिकामी करण्याआधी उघडली, मग माझ्याकडं पाहिलं. माझे शेवटचे दहा भाग पाहायचे राहिले होते.

"माताजी, कचरा देखे बिना मैं नहीं फेंकता," तो हळूच म्हणाला. सगळ्या मालिका त्यानं रिकाम्या डी ड्राइव्हवर नेल्या आणि फोल्डरला नाव दिलं, 'बिजली बिल'.

मुलगा आजवर त्या फोल्डरला शिवला नाही.